थंडीतली मोठ्या सशाची शिकार एअर रायफलने: नव्यांसाठी पायरीपायरीने

एअर रायफलने मोठा ससा मारता येतो, पण जवळून आणि फक्त डोक्यात. काडतुसाच्या रायफलचा शिकारी जिथे सत्तर-ऐंशी मीटरवर समाधान मानतो, तिथे तुम्हाला अजून निम्मं अंतर कापायचं असतं, तेही चारी बाजूंना डोळे असल्यासारख्या जनावराकडे. नवा माणूस सगळा पैसा आणि लक्ष रायफलवर घालतो आणि हे अंतर कापायला शिकतच नाही. म्हणून या लेखात हत्यारापेक्षा अंतराबद्दल जास्त लिहिलं आहे.

१. आधी कायदा, मग बाकीचं

भारतात राहून हा लेख वाचत असाल तर इथेच थांबा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे आपल्याकडच्या रानसशाची शिकार गुन्हा आहे. एअर रायफल विनापरवाना मिळते, म्हणून तिने केलेली शिकारही चालते, असा समज फार पसरलेला आहे. तो साफ चुकीचा आहे. हत्याराचा परवाना आणि शिकारीची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे मार्गदर्शन युरोपातल्या मोठ्या तपकिरी सशाबद्दल आहे. माणसाने नेल्यामुळे तो आता अर्जेंटिना, चिली, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही आहे. काही देशांत तो शिकारीचं जनावर मानला जातो, काही ठिकाणी पिकांचा शत्रू. मात्र प्रत्येक देशाचा नियम वेगळा, आणि एकाच देशात प्रांताप्रांतालाही वेगळा असू शकतो. स्कॉटलंडचं उदाहरण घ्या. तिथे तपकिरी सशाला फेब्रुवारीपासून सप्टेंबरअखेर बंद हंगाम आहे, आणि हिवाळ्यात पांढरा होणाऱ्या डोंगरी सशाला २०२१ पासून संरक्षण आहे. विशेष परवान्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. शेजारच्या इंग्लंडमधले नियम पुन्हा निराळे.

निघण्यापूर्वी ही उत्तरं लेखी स्वरूपात मिळवा:

- सशाचा हंगाम कधी सुरू होतो, कधी संपतो
- एअर रायफलने शिकार मान्य आहे का, आणि असल्यास किमान किंवा कमाल ताकद किती
- पहाटे, संध्याकाळी, रात्री, रविवारी किंवा सणाच्या दिवशी मनाई आहे का
- बर्फ पडलेला असताना माग काढून शिकार करता येते का. जाड बर्फात जनावरं उपाशी असतात, म्हणून काही ठिकाणी तेव्हा शिकार बंद ठेवतात
- एका दिवसाची किंवा हंगामाची मर्यादा

खिशात असू द्यायची कागदपत्रं: ओळखपत्र, लागत असेल तर शिकारीचा आणि हत्याराचा परवाना, विमा काढला असेल तर त्याची प्रत, आणि जमीनमालकाची सही असलेली परवानगी. ही शेवटची चिठ्ठी सर्वांत महत्त्वाची. "तो ओळखीचा आहे, काही म्हणत नाही" हे पोलिसांना सांगून भागत नाही. चिठ्ठीत तारीख, जमिनीची हद्द आणि कोणत्या जनावराची परवानगी आहे ते स्पष्ट लिहून घ्या. मालकाबरोबर एकदा हद्दीवरून फिरून या. बांध कुठे संपतो, गुरं कुठे असतात, लोकांची पायवाट कुठून जाते, हे त्याच फेरीत कळतं.

२. रायफल आणि छर्रा

मोठा ससा तीन ते पाच किलोचा असतो. बिळात राहणारा छोटा ससा त्याच्या निम्माही नसतो. छोट्या सशाला पुरणारी रायफल इथेही पुरेल असं धरून चालणं, ही नव्या माणसाची सगळ्यात मोठी फसगत.

इंग्लंडमध्ये विनापरवाना एअर रायफलच्या ताकदीची मर्यादा १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६ जूल आहे, जर्मनीत ७.५ जूल. हे आकडे कायद्याच्या सोयीसाठी ठरलेले आहेत, सशाच्या कवटीसाठी नव्हेत. १६ जुलांच्या रायफलने पंचवीस मीटरच्या आत, स्थिर जनावराच्या डोक्यात अचूक बसलेला छर्रा काम करतो हे खरं. पण त्यात चुकीला जराही जागा उरत नाही. नव्या माणसाने मोठ्या सशासाठी ती वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जिथे परवाना मिळतो तिथे नळीच्या तोंडाशी ४० जूल किंवा त्याहून जास्त ताकद असलेली पीसीपी, म्हणजे टाकीत दाबलेल्या हवेवर चालणारी रायफल घ्या.

जुलांचा हिशेब सोपा आहे: छऱ्याचं वजन किलोत, वेग मीटर प्रतिसेकंदात, वेगाचा वर्ग करून वजनाने गुणायचं आणि निम्मं करायचं. ५.५ मिलिमीटरचा १.१८ ग्रॅमचा छर्रा २७० मीटर प्रतिसेकंदाने निघाला तर सुमारे ४३ जूल. ६.३५ मिलिमीटरचा १.६५ ग्रॅमचा छर्रा २६० ने निघाला तर सुमारे ५६ जूल. डब्यावर छापलेल्या आकड्यांवर विश्वास न ठेवता वेगमापक यंत्र उसनं आणा आणि आपल्या रायफलचा आपल्या छऱ्यासह वेग मोजा.

छर्रा गोल डोक्याचा घ्या. टोकदार किंवा खोलगट डोक्याचे छर्रे जाहिरातीत आकर्षक दिसतात, पण अंतर वाढलं की बहुतेक नळ्यांत गोल डोक्याचाच एकसारखा बसतो. चार-पाच प्रकार आणून कागदावर मारून पाहा. कोणता चांगला ते नळीच सांगते. काही भागांत शिशाच्या छऱ्यांवर बंधनं आहेत, तेही तपासा.

३. थंडीत नेम पुन्हा जुळवा

उन्हाळ्यात जुळवलेला नेम हिवाळ्यात तसाच राहत नाही. याची कारणं समजून घेतली तर मैदानात गोंधळ होणार नाही.

पहिलं कारण टाकीतली हवा. घरात २० अंशांना २०० बार दाबाने भरलेली टाकी बाहेर शून्य अंशावर गेली की काटा १८६ च्या आसपास उतरतो, उणे १० ला १८० च्या. गळती काही नसते, हवा थंड होऊन आकसलेली असते. ज्या रायफलीत दाब एकसारखा राखणारा रेग्युलेटर नसतो, तिचा वेग दाबाबरोबर बदलतो. म्हणून रायफल बाहेर थंड होऊ द्या, मग काटा पाहा, आणि तुमची रायफल ज्या दाबाच्या पट्ट्यात सर्वांत एकसारखी मारते तो पट्टा कागदावर मारून शोधा. टाकीत भरायची हवा कोरडीच हवी. ओलसर हवेतलं पाणी गोठलं तर झडप अडकते.

दुसरं कारण बाहेरची हवा. २० अंशांच्या तुलनेत उणे १० अंशांची हवा सुमारे अकरा टक्के दाट असते. छऱ्याला जास्त अडथळा होतो, तो लवकर मंदावतो आणि जास्त खाली येतो. तीस मीटरवर फरक थोडा असतो, पण सशाच्या डोक्यातली निशाणाची जागाही दोन-तीन सेंटिमीटरचीच आहे.

स्प्रिंगची रायफल असेल तर तिसरी अडचण: आतलं वंगण थंडीने घट्ट होतं आणि पहिले काही छर्रे हळू जातात. निघताना मोकळ्या जागी, सुरक्षित मातीच्या ढिगावर दोन-तीन छर्रे मारून मगच मैदानात शिरा.

आता सराव. ज्या कपड्यांत आणि हातमोज्यांत शिकारीला जाणार, त्यांतच करायचा. जाड कोटामुळे दस्ता खांद्यावर वेगळा बसतो, डोळा रायफलवरच्या दुर्बिणीपासून पुढेमागे होतो. जाड हातमोज्यातून चाप कळत नाही. तर्जनीचं टोक उघडं पडेल असा हातमोजा घ्या. वीस, पंचवीस, तीस, पस्तीस आणि चाळीस मीटरवर कागद लावा आणि प्रत्येक अंतरावर छर्रा किती वर किंवा खाली बसतो ते चिठ्ठीवर लिहून दस्त्याला चिकटवा. बसून, गुडघ्यावर आणि तिकाटणीवर, म्हणजे तीन पायांच्या टेकूवर, टेकून मारा.

माझी कसोटी अशी: थंडीत, धाप लागलेली असताना, मैदानातल्या स्थितीत बसून सलग पाच छर्रे अडीच सेंटिमीटरच्या वर्तुळात ज्या अंतरावर बसतात, ते तुमचं शिकारीचं अंतर. एखाद्याचं ते चाळीस मीटर असेल, एखाद्याचं बावीस. टेबलावर टेकून मारलेला गट इथे धरायचा नाही. हे अंतर कागदावर एकदा आलं की मैदानात ते वाढवायचं नाही.

४. ससा कुठे असेल ते वाचा

मोठा ससा बीळ खणत नाही. उघड्या रानात, नांगरटीत, गवताच्या पुंजक्याला टेकून किंवा बांधाच्या आडोशाला तो उथळ खळगा करून दिवसभर पडून राहतो. कान पाठीवर पाडलेले असतात, आणि तो ढेकळासारखा दिसतो. सूर्य मावळताना चरायला उठतो, रात्रभर फिरतो, उजाडता परत येऊन पडतो. वारा जोराचा असेल तर आडोशाची बाजू धरतो, कोवळं ऊन पडलं की उन्हाची.

हिवाळ्याचा खरा फायदा म्हणजे त्याची रात्र जमिनीवर लिहिलेली सापडते. सशाचा माग ओळखायला सोपा: पुढचे दोन छोटे पाय साधारण एकामागे एक उमटतात, आणि मागचे दोन लांबट पाय त्यांच्यापुढे, शेजारी शेजारी. म्हणजे मोठे ठसे ज्या दिशेला, तिकडे ससा गेला. नवे लोक हटकून उलट्या दिशेने चालत राहतात. चरत असताना ठसे जवळजवळ आणि नागमोडी, निघून जाताना उड्या एक-दोन मीटरच्या, घाबरून पळताना त्याहून कितीतरी लांब.

ताजेपणा बोटाने कळतो. ताज्या ठशाची कड मऊ, भुसभुशीत असते. जुन्या ठशाची कड गोठून टणक होते, त्यात वाऱ्याने आणलेला भुगा साठतो.

बर्फ कधी थांबला याला फार महत्त्व आहे. संध्याकाळी थांबला असेल तर रात्रभराच्या फेऱ्यांचं जाळं समोर असतं आणि त्यातून शेवटचा माग सुटा करणं कठीण जातं. पहाटेच्या थोडं आधी थांबला असेल तर फक्त चरण्यापासून विश्रांतीच्या जागेपर्यंतचा छोटा माग उरतो, आणि शिकायला यासारखी सकाळ नाही. फार मोठी बर्फवृष्टी झाली तर पहिल्या रात्री ससा पुष्कळदा उठतच नाही. सकाळी एकही ठसा दिसला नाही म्हणून रान रिकामं समजू नका.

चरण्याचे ठसे ओलांडून कडेकडेने मोठी फेरी मारा आणि बाहेर निघणारा सरळ माग शोधा. तो धरला की पुढे एका जागी तो अचानक संपलेला दिसेल. ससा आपल्याच मागावरून काही अंतर उलटा येतो आणि मग बाजूला लांब उडी घेतो. असं एक-दोनदा केलं की पडायची जागा जवळ आली समजायचं. इथे मागावर नजर ठेवून चालणारा माणूस सशाला पायाखालून उठवतो. माग दुहेरी झालेला दिसताच जागच्या जागी थांबा, दुर्बीण काढा आणि आसपासचं एकेक ढेकूळ, एकेक झुडपाचं बूड बघा. डोळा दिसतो आधी, मग कानाची काळी टोकं.

बर्फ नसेल तर लेंड्या, कुरतडलेल्या कोवळ्या पिकाची तिरकी कापलेली टोकं आणि कुंपणाखालचे केस अडकलेले रस्ते पाहा. ससा ठरलेल्या वाटांनीच ये-जा करतो.

५. अंतर कापा

दोन पद्धती आहेत. नव्यांनी पहिलीने सुरुवात करावी.

*दबा धरून बसणं.* कुरणात उतरायची त्यांची वाट हेरून ठेवा आणि सूर्यास्ताच्या किमान तासभर आधी, वारा समोरून तुमच्या तोंडावर येईल असे बसा. पाठीमागे झुडूप किंवा गंजी असू द्या, म्हणजे माणसाची आकृती उठून दिसत नाही. चेहरा आणि हात झाका. हिवाळ्यातल्या उतरत्या उन्हात उघडा चेहरा दुरून चमकतो. बुडाखाली जाड गादी घ्या. थंडीने थरथरणारा माणूस नेम धरू शकत नाही, आणि थरथर सुरू झाली की घरी जाणं बरं. बसल्याबरोबर समोरच्या खुणांची अंतरं मोजून ठेवा: तो खांब बावीस, ते काटेरी झुडूप चौतीस. ससा आल्यावर अंतरमापक उचलायला वेळ नसतो.

*चालत जवळ जाणं.* सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. अगदी नाकासमोरचा भाग त्याला नीट दिसत नाही, पण त्यावर विसंबून चालू नका. त्याला आकारापेक्षा हालचाल चटकन कळते. तो खाली मान घालून चरत असेल तेव्हा दोन पावलं, मान वर येताच पुतळा. थेट त्याच्याकडे न जाता तिरकं, जणू बाजूने निघून जातोय असं चाला. गोठलेला बर्फ पायाखाली कुरकुरतो. अशा दिवशी चालत शिकार जवळपास अशक्य होते, दबाच धरावा. भुसभुशीत बर्फ किंवा ओली माती असली की चालणं जमतं.

कान ताठ उभे राहिले म्हणजे त्याला शंका आली आहे. हलू नका, बऱ्याचदा तो पुन्हा चरू लागतो. पळत सुटला तर त्याचा ताशी वेग सत्तर किलोमीटरपर्यंत जातो. पळत्या सशावर एअर रायफल चालवायची नाही, एकदाही नाही. चालत जाणारा ससा मात्र ओठांनी केलेल्या हलक्या चुटकीसारख्या आवाजाने क्षणभर थांबतो.

६. चाप ओढण्यापूर्वी

निशाणाची जागा एकच: बाजूने पाहिलं तर डोळा आणि कानाचं मूळ यांच्या मधली. छातीत मारलेला एअर रायफलचा छर्रा मोठ्या सशाला लगेच लोळवत नाही. तो पळतो, कुंपणापलीकडे जातो आणि तासन्‌तास तडफडतो. तिरकं डोकं, गवताआडचं डोकं, चघळताना हलणारं डोकं, या सगळ्यांना नकार. १६ जुलांच्या रायफलचा छर्रा तीस मीटरला पोचायला जवळजवळ सेकंदाचा पाचवा भाग घेतो. तेवढ्यात मान हलते. चघळणं थांबेपर्यंत वाट पाहा.

सशाच्या मागे काय आहे ते आधी पाहा. गोठलेल्या जमिनीवरून, बर्फाच्या कडक थरावरून आणि दगडांवरून छर्रा उसळतो आणि कुठेही जातो. मागे मातीचा चढ किंवा मऊ बांध असेल तरच मारा. क्षितिजावर उभा असलेला ससा, मागे रस्ता किंवा घर असलेला ससा, सोडून द्यायचा. कुंपण ओलांडताना छर्रा नळीत ठेवू नका.

वाऱ्याकडे लक्ष द्या. छर्रा हलका असल्याने तीस-चाळीस मीटरवर झुळूकही त्याला डोळ्यापासून नाकाकडे ढकलते. झाडांच्या फांद्या सतत हलत असतील तर अंतर अजून कमी करा किंवा त्या दिवशी रायफल पिशवीतच ठेवा.

छर्रा बसल्यावर लगेच उठू नका. दुसरा भरा, दुर्बिणीतून पाहत राहा. हालचाल दिसली तर तिथूनच पुन्हा डोक्यात मारा. मग जवळ जाऊन लांब काटकीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली नाही म्हणजे संपलं. जखमी ससा पळालाच तर बाकीची शिकार तिथेच थांबवून त्याचा माग काढा. बर्फावर रक्त आणि फरपटीचे ठसे दिसतात, त्यामुळे सबब उरत नाही.

७. मारल्यानंतर

हातमोजे घाला, रबराचे. सशांमध्ये टुलारेमिया नावाचा जिवाणूजन्य आजार असतो. तो कातडीवरच्या बारीक ओरखड्यातूनही माणसाला होतो. शिकारीनंतर साधारण तीन ते पाच दिवसांत, कधी दोन आठवड्यांपर्यंत, ताप, जखम किंवा सुजलेल्या गाठी दिसल्या तर डॉक्टरांना ससा हाताळल्याचं आवर्जून सांगा. ते सांगितलं नाही तर साधा ताप म्हणून औषध मिळतं.

हिवाळ्यातही पोटाची आतडी लवकर काढा. यकृत आणि प्लीहा नीट पाहा. त्यांवर पांढरे-पिवळे ठिपके असतील, प्लीहा फुगलेली असेल किंवा ससा आधीच खंगलेला, धीमा, माणसाला न घाबरणारा होता असं आठवत असेल, तर मांस खायचं नाही. कुत्र्यालाही घालायचं नाही. तिथल्या नियमांप्रमाणे पुरा किंवा पशुवैद्यकीय खात्याला कळवा.

ससा कोवळा की जुना हे पुढच्या पायावरून कळतं. मनगटाच्या थोडं वर, बाहेरच्या बाजूला अंगठा फिरवा: त्याच वर्षी जन्मलेल्याला तिथे छोटा उंचवटा लागतो, जुन्याला लागत नाही. कोवळा लवकर शिजतो, जुन्याला मंद आचेवर काही तास द्यावे लागतात. छऱ्याच्या जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका, शिशाचे बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत. मांस आतपर्यंत शिजलेलं हवं, किमान ७४ अंश सेल्सियस. कच्चटपणाला इथे वाव नाही.

हंगाम कायद्याने लांब असला तरी हिवाळा संपायच्या आधीच आवरतं घ्या. जानेवारी-फेब्रुवारीपासून माद्या गाभण राहू लागतात, आणि सुमारे ४२ दिवसांनी पिल्लं होतात. पिल्लं उघड्यावरच, गवतात पडून असतात. आई मेली की ती जगत नाहीत. उत्तर गोलार्धात मी वर्षअखेरीस थांबतो. दक्षिणेत महिने उलटे धरा.

घरी आल्यावर रायफल थेट उबदार खोलीत नेऊ नका. थंड धातूवर आणि दुर्बिणीच्या काचेवर दव साठतं. पिशवीत बंद ठेवूनच तिला हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग बाहेरून पुसून तेलाचा हलका हात फिरवा. नळीच्या आत आणि पीसीपीच्या हवेच्या वाटेत तेल सोडू नका. दाबाखालच्या हवेत साधं खनिज तेल पेट घेऊ शकतं. शेवटी रिकामी असल्याची खात्री करून कुलपात ठेवा, छर्रे वेगळ्या जागी.